गरम झाल्यावर करंट जातो (१५ एचपी टू-स्ट्रोक ओबीएम): सीडीआय घेण्याआधी काय तपासू?

देवगड_खाडी

नमस्कार मंडळी.

मशीन ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचं, १५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, २४६ सीसी, दोरीने सुरू होणारं, बॅटरी नाही. फायबरची १८ फुटी होडी. मासेमारी बंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मशीन पडवीत स्टँडवर उभं होतं.

लक्षण असं आहे. सकाळी थंड मशीन दुसऱ्या झटक्याला सुरू होतं. पाऊण थ्रॉटलवर २०-२५ मिनिटं काहीही कुरकुर न करता चालतं आणि मग बंद पडतं. पंधरा झटके मारले तरी साधी फटफटसुद्धा नाही. अर्धा तास थांबलं की परत दुसऱ्या झटक्याला सुरू, पण या खेपेला १०-१२ मिनिटांतच बंद.

आतापर्यंत केलेलं: प्लग नवीन (बी७एचएस-१०), पेट्रोल ताजं, ऑइल ५०:१, कार्बोरेटर उघडून साफ, फिल्टर नवीन. पाण्याची धार नीट पडते. रॉकेल वापरत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं सीडीआय (ठिणगीची वीज साठवून सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) गेला. ओरिजिनल सीडीआय महाग आहे आणि विजेचा पार्ट एकदा डबीतून काढला की दुकानदार परत घेत नाही. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. सीडीआयच गेलाय हे नक्की कसं करू?

---

पुलर_फिलरगेज

देवगडकर, तुम्ही 'करंट जातो' असं लिहिलंय, पण करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, गेल्याचं बघितलंय का? तसं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. वीस मिनिटं चालून बंद पडणं आणि अर्ध्या तासाने परत सुरू होणं हे गरम कॉइलचं लक्षण आहे, तसंच ते टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिल्याचंही लक्षण आहे. टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढून ओढून आत पोकळी तयार होते, पुरवठा तुटतो. थांबलात की हळूहळू हवा शिरते आणि मशीन परत चालू. दोन्हींत फरक करायला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी तो करा.

बंद पडतानाचा आवाज ऐका. करंट गेला की मशीन स्विच दाबल्यासारखं एकदम गप्प होतं. पेट्रोल तुटलं तर आधी दोन-चार सेकंद आचके देतं, आवाज वरखाली होतो, मग मरतं. बंद पडल्या क्षणी नळीवरचा रबरी बल्ब दाबा. टणक असेल तर पेट्रोल आहे. चपटा किंवा लिबलिबीत असेल तर टाकीचा स्क्रू, नळीची जोडणी आणि पंप बघा, आणि सीडीआयचा विषय तूर्त सोडा. त्यानंतर प्लग काढा. ओला प्लग म्हणजे पेट्रोल आलंय पण जळलेलं नाही. कोरडा म्हणजे पेट्रोलच आलेलं नाही.

आता करंट बघण्याची रीत. प्लग कॅपात खोचून बॉडीला टेकवायचा आणि निळा ठिपका दिसला की 'करंट आहे' म्हणायचं, ही सवय दिशाभूल करते. उघड्या हवेत एक मि.मी.च्या फटीतून ठिणगी उडवायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असताना त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या. फट ९ मि.मी. ठेवा. एवढी फट ओलांडून निळी, चट् आवाजाची ठिणगी दर वेळी आली तर करंट खरा. पिवळट, बारीक, अधूनमधून येणारी असेल तर तिला नाही असंच धरा.

दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही सिलिंडरचे कॅप टेस्टरमधून किंवा प्लगमधून बॉडीला जोडलेले असल्याशिवाय दोरी ओढू नका. उघड्या कॅपाने झटका मारला तर व्होल्टेजला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आतलं इन्सुलेशन फोडतं. दुसरं, प्लगची भोकं उघडी असतील तर त्यांतून पेट्रोलची वाफ उडते. टेस्टर भोकांपासून लांब लावा, सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि टाकी बाजूला ठेवा.

ही चाचणी बंद पडल्यापासून दोन मिनिटांच्या आत व्हायला हवी. घरी येऊन थंड मशीनवर केली तर उत्तर 'सगळं ठीक' असंच येणार. टेस्टर आणि प्लगचा पाना (२०.८ मि.मी.) होडीतच ठेवा, आणि हा प्रयोग खाडीत जेट्टीला दोर बांधून करा. बाहेर समुद्रात नको.

---

ओहम_मीटर

वरचं करून करंट खरंच जातोय असं निघालं, तर पुढचं.

या मशीनमध्ये बॅटरी नाही, म्हणजे ठिणगीची सगळी ताकद फ्लायव्हीलखालून (मशीनच्या डोक्यावरच्या जड चाकाखालून) येते. फ्लायव्हीलचं मॅग्नेट चार्ज कॉइलसमोरून फिरतं आणि तिच्यात शे-दोनशे, कधी त्याहून जास्त व्होल्ट तयार होतात. ते सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठतात. पल्सर कॉइल योग्य क्षणी इशारा देते, सीडीआयमधला थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडतो आणि साठलेलं सगळं एका दमात इग्निशन कॉइलच्या प्रायमरीत (कमी वेढ्यांच्या बाजूत) ओततो. सेकंडरीतून (जास्त वेढ्यांच्या बाजूतून) हजारो व्होल्ट निघून प्लगवर जातात. बंद करायचं बटण आणि माणसाच्या अंगाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप यांचं काम उलट्या दिशेचं आहे: त्यांची स्टॉप वायर अर्थ केली, म्हणजे बॉडीला जोडली, की साठवणच होत नाही.

म्हणजे करंट जाण्याच्या जागा पाच: स्टॉप वायर, चार्ज कॉइल, पल्सर कॉइल, सीडीआय, इग्निशन कॉइल. सीडीआय आतून मीटरने नीट तपासता येत नाही. त्यामुळे बाकीच्या चार निर्दोष ठरल्या की मगच त्याच्यावर बोट ठेवायचं. मेकॅनिक उलट्या बाजूने सुरुवात करतोय, आणि महागात पडते ती तिथेच.

स्टॉप वायरपासून सुरुवात करा, कारण खारट हवेत सगळ्यात आधी मरतो तो स्विच. यामाहाच्या मशीनमध्ये ही वायर पांढरी असते आणि अर्थ काळी. दुसरी कंपनी असेल तर रंग मॅन्युअलमध्ये बघा. कव्हरखालचा तिचा जोड सोडवा. स्विचच्या बाजूला पांढऱ्या-काळ्यात मीटर लावा. लाल दोरीची क्लिप बसलेली असताना पूर्ण ओपन (जोड नाही असं) दिसलं पाहिजे, बटण दाबलं की शून्याजवळ. काही किलोओहम दिसले तर आत मीठ आणि ओल आहे. मात्र मीटर ओपन दाखवतो म्हणून स्विच सुटला असं नाही. मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, तिथे प्रत्यक्षात शेकडो व्होल्ट येतात, आणि ओलसर मिठातून तेवढ्या दाबाला गळती होते. म्हणून खरी चाचणी म्हणजे वायर सुटी करून, टोकाला टेप गुंडाळून, मशीन चालवून बघणं. वीस मिनिटांनी बंद पडणं थांबलं तर दोष स्विचमध्ये.

वायर सुटी असताना बटणाने मशीन बंद होणार नाही, लाल दोरी ओढूनही होणार नाही. चोक पूर्ण ओढा, मिश्रण अति दाट होऊन ते थांबेल. ही चाचणी एकट्याने करू नका. आणि ती झाली की वायर परत जोडा, कारण माणूस पाण्यात पडला तर मशीन बंद करणारी तीच एक वायर आहे.

त्यानंतर कॉइलींचे ओहम. चार्ज आणि पल्सर दोन्हींचे जोड सीडीआयपासून सोडवून मोजा, जोडलेल्या अवस्थेत मोजलेला आकडा फसवा असतो. अचूक मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, नेटवर दुसऱ्या मॉडेलचे आकडे बघून कॉइल फेकू नका. साधारण अंदाज असा: चार्ज आणि पल्सर शेकडो ओहममध्ये, इग्निशन कॉइलची प्रायमरी एक ओहमपेक्षाही कमी, सेकंडरी काही हजार ओहम. प्रायमरी मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा वजा करा, नाहीतर ०.२ च्या जागी ०.५ दिसून घोळ होईल. कॉइलचं प्रत्येक टोक बॉडीशीही तपासा. एक टोक मुळातच अर्थ नसेल तर तिथे ओपन यायला हवं.

तुमच्या केसमध्ये गोम तापमानात आहे. मॅन्युअलमधला आकडा बहुतेक वेळा २० अंशांचा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे आपल्याकडच्या ३५ अंशांत तो सहा टक्के जास्त दिसणारच, आणि फ्लायव्हीलखाली ८० अंश झाले तर जवळजवळ २४ टक्के. एवढी वाढ निरोगी आहे. गरम झाल्यावर आकडा दुप्पट होणं, एकदम 'ओएल' (मीटरच्या मापाबाहेर, म्हणजे ओपन) दिसणं किंवा वायर हलवली की नाचणं हे रोगट. कारण असं की आत कुठेतरी केसाएवढी तार तुटलेली असते. थंडीत टोकं टेकलेली, गरमीत इपॉक्सी आणि तांबं कमीजास्त फुगतं आणि टोकं सुटतात. दुसरा प्रकार याच्या उलटा. दोन वेढ्यांमधलं वार्निश गरम झाल्यावर फुटतं, वेढे आपसात शॉर्ट होतात आणि आकडा किंचित कमी होतो. हा प्रकार ओहमवर बहुधा सापडत नाही, व्होल्टेजवर सापडतो.

व्होल्टेजसाठी पीक अडॅप्टर लागतो, कारण झटक्याचा दाब क्षणभरच टिकतो आणि साधा मीटर तेवढ्यात जागा होत नाही. विकत मिळतो, घरीही होतो. एक १एन४००७ डायोड (१००० व्होल्टचा) मालिकेत, त्यापुढे मीटरच्या दोन पिनांमध्ये १ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणि त्याला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर. मीटर डीसी १००० व्होल्टवर. झटका मारला की कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो आणि आकडा वाचण्यापुरता टिकतो. सांभाळून, हाताला जोरदार बसतं. रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा होऊन आकडा शून्यावर येईपर्यंत टोकांना हात लावू नका. घरगुती अडॅप्टरचा आकडा मॅन्युअलशी ताडून बघण्यापेक्षा थंड आणि गरम अशी तुलना करायला वापरा. चार्ज कॉइल आधी सुटी असताना मोजा, मग सीडीआयला जोडून. सुटी असताना भरपूर आणि जोडल्यावर एकदम खाली, असं झालं तर एकतर सीडीआय तो दाब खातोय किंवा कॉइल ओझ्याखाली वाकतेय. पल्सरचे व्होल्ट मुळातच थोडे असतात, तिथे डायोडमध्ये जाणारे ०.७ व्होल्ट मनात धरा.

---

हर्णै_जेट्टी

वरच्या दोघांचं बरोबर आहे. पण एक गोष्ट राहिली, आणि या आकाराच्या मशीनवर ती नेहमी चकवते.

बऱ्याच दोन सिलिंडर टू-स्ट्रोकमध्ये इग्निशन कॉइल एकच असते आणि तिला प्लगच्या दोन वायरी असतात. दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी जाते. वरचा पिस्टन दाबाच्या टोकाला असेल तेव्हा खालचा तळाला असतो, म्हणून ती जास्तीची ठिणगी निरुपद्रवी. अशा कॉइलमध्ये सेकंडरीची दोन्ही टोकं प्लगांवर निघतात आणि करंट एका प्लगमधून हेडमध्ये, हेडमधून दुसऱ्या प्लगमध्ये असा पूर्ण फेरा घेतो. म्हणून एक कॅप काढून तसाच लोंबता ठेवला तर दुसऱ्यावरची ठिणगीसुद्धा कमजोर होते किंवा जाते. माणूस म्हणतो दोन्ही सिलिंडरचा करंट गेला, सीडीआय गेला. खरं तर त्याने स्वतःच फेरा तोडलेला असतो. तुमची कॉइल अशी असेल तर टेस्टर एका वायरवर लावताना दुसरी प्लगसकट बॉडीला घट्ट टेकलेली हवी. आणि एका बाजूचा कॅप आतून तुटला तर दोष दोन्हीकडे दिसतो, हेही लक्षात ठेवा.

कॅप वायरीवर स्क्रूसारखा फिरवून बसवलेला असतो. उलटा फिरवून काढा, वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर ५-६ मि.मी. कापून परत बसवा. वायर लांबीला पुरते का ते आधी बघा. रेझिस्टरवाला कॅप असेल तर दोन टोकांत साधारण ५ किलोओहम यायला हवेत. दहा-बारा किंवा ओपन आला तर बदला, तो स्वस्त आहे. सेकंडरी मोजताना कॅप काढूनच मोजा, नाहीतर दोन्ही कॅपांचे मिळून दहा किलोओहम त्यात मिसळतात आणि कॉइल खराब वाटते.

प्लगचा नंबर बरोबर वाटतो, तरी मॅन्युअलशी ताडून घ्या. शेवटचा १० म्हणजे फट १.० मि.मी., एच म्हणजे चुडीची लांबी १२.७ मि.मी. नवीन असला तरी फिलर गेज घालून बघा, डबी पडली की फट मिटते. नवीन वॉशरचा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वापरलेला असेल तर फेऱ्याचा फक्त बारावा भाग. जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या हेडची चुडी जाते.

शेवटी अर्थ. दोन महिने मशीन उभं राहिलं की सीडीआयची आणि कॉइलची काळी वायर जिथे ब्लॉकला बोल्ट केलेली असते तिथे पांढरी पूड धरते. तांब्याचं थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि मध्ये खारी ओल, असं होणारच. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, कल्हईचं थिंबल असेल तर ते वापरा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा लेप द्या. लेप आवळल्यानंतर, आधी नाही. गरम झाल्यावर सुटणारा दोष इथेही असू शकतो, आणि हा सुधारायला दहा मिनिटं लागतात.

---

देवगड_खाडी

सगळ्यांचे आभार. काल आणि आज जेट्टीला बांधून, गिअरमध्ये टाकून चालवलं. निकाल असे.

टाकीचा स्क्रू उघडा होता, बंद पडल्यावर बल्ब टणक, दोन्ही प्लग ओले. मशीन स्विच दाबल्यासारखं बंद होतं, आचके नाहीत. टेस्टरवर थंडीत ९ मि.मी.ला निळी ठिणगी दोन्हीकडे. बंद पडल्यावर एका मिनिटात तपासलं, दोन्हीकडे काहीच नाही, फट ४ मि.मी. केली तरी नाही.

कॉइल दोन वायरींची एकच आहे, दुसरी बाजू टेकवूनच तपासलं. अर्थच्या दोन्ही जागा घासल्या, फरक नाही. स्टॉप वायर सुटी करून चालवलं, २२ मिनिटांनी तसंच बंद. वायर परत जोडली आहे.

ओहम, थंड (सावलीत साधारण ३१ अंश): चार्ज कॉइल ३४२, पल्सर ३३६, दोन्ही मॅन्युअलच्या मर्यादेत. कॅप ५.१ आणि ५.० किलोओहम. बंद पडल्यावर लगेच: पल्सर ३८८, स्थिर. चार्ज कॉइल आधी 'ओएल', वायरींचा जुडगा बोटाने दाबला की ३९५, सोडला की परत 'ओएल'. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप ३७० च्या आसपास येऊन स्थिर झाली.

---

ओहम_मीटर

सापडलं. पल्सर ३३६ वरून ३८८, म्हणजे १५ टक्के वाढ, ७० अंशांच्या आसपासच्या निरोगी तांब्याला शोभते. चार्ज कॉइललाही दाबल्यावर ३९५ येतात, म्हणजे वेढे शाबूत आहेत आणि तार कुठेतरी एका जागी सुटते. साठवायलाच काही येत नाही म्हणून दोन्ही प्लग एकदम जातात. सीडीआय घेऊ नका. नवा बसवला असता तरी २२ मिनिटांनी हेच झालं असतं.

जुडगा दाबल्यावर आकडा परत येतो, तेव्हा तूट कॉइलच्या पोटात नसून वायर जिथे वेढ्याच्या तारेला शिशाचा डाग देऊन जोडलेली असते तिथे किंवा स्टेटर प्लेटमधून (कॉइली बसवलेल्या प्लेटमधून) वायर बाहेर वळते तिथे असण्याची शक्यता जास्त. थ्रॉटल फिरवला की काही मॉडेलमध्ये ती प्लेट सरकते आणि तिथेच वायर रोज वाकते. फ्लायव्हील काढल्यावर आधी तिथलं कव्हर सोलून बघा.

---

पुलर_फिलरगेज

फ्लायव्हील काढताना मॅग्नेट फुटतात आणि शाफ्टची चुडी चेपते, म्हणून क्रम सांगतो.

दोन्ही प्लगचे कॅप काढून बॉडीला टेकवून ठेवा. वरचा दोरीचा स्टार्टर अख्खा उतरवा, दोरी मोकळी सुटू देऊ नका. फ्लायव्हील पट्ट्याच्या किंवा दोन पिनांच्या होल्डरने धरा. स्क्रूड्रायव्हर दातात अडकवून धरायची पद्धत सोडा, दात तुटतो. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल एवढा वर आणून ठेवा. म्हणजे पुलरचा जोर चुडीवर न येता नटावर आणि शाफ्टवर वाटला जातो. पुलर मधल्या तीन आटे पाडलेल्या भोकांत बोल्ट बसणाराच हवा. काठाला नख्या लावून ओढणारा चालत नाही, त्याने फ्लायव्हील वाकतं. मधला बोल्ट ताणून आवळा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका द्या. टॅपर (शाफ्टचं निमुळतं टोक) 'टक्' करून सुटतो. फ्लायव्हीलच्या अंगावर हातोडी लावू नका. मॅग्नेट चिकटवलेले असतात, निखळतात किंवा तडकतात.

निघालं की आतून बघा. मॅग्नेटवर गंजाची पापुद्री किंवा कॉइलच्या लोखंडी टोकांवर घासल्याचे चरे असतील तर कारण शोधा. गंज फुगून घासत असेल तर तो काढून होईल, पण वरचं बेअरिंग ढिलं होऊन शाफ्ट हलत असेल तर नवी कॉइलसुद्धा घासूनच मरेल. शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा.

बसवताना शाफ्टचा टॅपर आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही थिनरने पुसून कोरडं करा. तिथे ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको. फ्लायव्हील टॅपरच्या घर्षणावर पकडलेलं असतं, शाफ्ट आणि फ्लायव्हीलच्या खाचेत बसणाऱ्या अर्धचंद्र चावीचं काम फक्त जागा दाखवायचं. तेलकट टॅपरवर ते सरकतं आणि चावी कापली जाते. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा.

---

देवगड_खाडी

फ्लायव्हील निघालं. प्लेटमधून वायर बाहेर येते तिथे चार्ज कॉइलच्या डागाची जागा हिरवी पडली आहे, वायर हलवली की डाग हलताना दिसतो. बेअरिंग घट्ट, चरे नाहीत.

आता दोन प्रश्न. तिथे परत डाग देऊन चालेल, की कॉइल नवीनच घ्यावी? इथे एक जण रीवाइंडिंगही करून देतो म्हणतो. दुसरं, अर्धचंद्र चावीच्या कडेला नखाला लागेल एवढी पायरी पडली आहे. चालेल का?

---

ओहम_मीटर

डाग देता येईल. हिरवा भाग कापून टाका, तार चकचकीत तांब्यापर्यंत घासा. वेढ्याच्या तारेवर वार्निश असतं, ते खरवडल्याशिवाय शिसं धरत नाही, आणि जुना डाग सुटण्याचं कारण पुष्कळदा तेच. रोझिनवालं शिसं वापरा. ॲसिडवाला फ्लक्स वापरलात तर सहा महिन्यांत परत हिरवं. डाग दिल्यावर थंड ओहम मोजा, ३४०च्या आसपास यायला हवेत. मग उष्णता सोसणारं इपॉक्सी लावून जोड बुजवा आणि वायर प्लेटला बांधताना वाकण्यापुरता ढिला वेढा ठेवा, ताण डागावर यायला नको. बसवण्याआधी हेअर ड्रायरने कॉइल गरम करून आकडा बघत बघत वायर हलवा. तो सावकाश वर जाऊन शांत राहिला पाहिजे.

रीवाइंडिंग मी फक्त अडल्यानडल्याला म्हणेन. नवे ओहम जुळले म्हणजे काम झालं असं नाही. जाड तारेचे जास्त वेढे आणि बारीक तारेचे कमी वेढे यांचे ओहम सारखे येऊ शकतात, व्होल्ट सारखे येत नाहीत. करणाऱ्याने जुने वेढे मोजले, तारेची जाडी मायक्रोमीटरने बघितली, गुंडाळण्याची दिशा राखली आणि वार्निश भट्टीत सुकवलं तरच घ्या. आतल्या वेढ्याला हिरवट झाक दिसत असेल तर डागावर वेळ न घालवता नवी कॉइल.

---

पुलर_फिलरगेज

चावी बदला, ती नगण्य किमतीची आहे. शाफ्टचा तिथला व्यास २० मि.मी. धरला तर चावीवर अर्धा मि.मी. सरकणं म्हणजे टायमिंग जवळजवळ ३ अंशांनी हललं. मॅग्नेट त्याच फ्लायव्हीलवर आहे, त्यामुळे ठिणगी तेवढीच उशिरा किंवा लवकर पडते. लवकर पडली तर दोरी हातातून हिसका मारते आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन तापतो. उशिरा पडली तर मशीन सुरू होतं पण जोर लावत नाही, आणि माणूस परत कार्बोरेटर उघडून बसतो. चावीच्या खाचेच्या कडासुद्धा बघा, शाफ्टच्या आणि फ्लायव्हीलच्याही. त्या धारदार आणि सरळ असतील तर नवी ओरिजिनल चावी पुरे. लेथवाल्याकडून कडक पोलादाची करून घेऊ नका. फ्लायव्हील सरकायची वेळ आली तर खाच फुटण्यापेक्षा चावी कापली गेलेली बरी.

सगळं बसल्यावर पिंपात पाच मिनिटं चालवून समाधान मानू नका. पिंपात मशीन तेवढं तापत नाही. वरचं कव्हर बसवून, जेट्टीला बांधून, गिअरमध्ये चाळीस मिनिटं चालवा. ते थांबवून लगेच एकदा टेस्टर लावा, ९ मि.मी.वरच.